रशियाचा उभा छेद



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे भूगोल शिकलेले कितीतरी जण आज समोर बसले आहेत. सर नकाशा नंतर काढायचे, आधी छेद काढायचे. अलिबागपासून बार्शीपर्यंत फळ्यावर एक रेघ ओढायची आणि तिच्याखाली काय काय आहे ते दाखवत जायचं. समुद्र, खाजण, भाताची खाचरं, घाटाची उभी भिंत, मग पठार आणि त्याच्या पोटात एकावर एक बसलेले काळ्या पाषाणाचे थर. पाऊस कुठे अडतो, विहिरीला पाणी कुठे लागतं, बाजरी कुठे आणि ऊस कुठे, हे सगळं त्या छेदातून आपोआप उलगडायचं. आज तीच पद्धत मी आपल्यापासून फार दूरच्या एका देशाला लावणार आहे.

रशिया म्हटलं की पहिल्यांदा आकडे येतात. एक कोटी सत्तर लाख चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, म्हणजे भारताच्या पाचपटीहून जास्त. अकरा कालविभाग. लोकसंख्या मात्र चौदा-साडेचौदा कोटी. आकडे खरे आहेत, पण त्यांनी फारसं काही कळत नाही. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तर ध्रुवाकडचा प्रदेश ताणलेला असतो, त्यामुळे रशिया आहे त्याहून कितीतरी मोठा दिसतो. माझं म्हणणं असं, की हा देश क्षेत्रफळाने समजत नाही, खोलीने समजतो. त्याची जंगलं, नद्या, शेती, शहरं आणि आज त्याच्यावर आलेलं संकट, या सगळ्यांची कारणं पायाखाली आहेत. म्हणून आज आपण जमिनीवरून फिरण्याऐवजी जमिनीत उतरू.

उतरायला एक विहीर तयारच आहे. पूर्व सैबेरियात लेना नदीच्या काठी याकुत्स्क नावाचं शहर आहे. १८२८ साली तिथल्या फ्योदोर शेर्गिन या व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. दुष्काळी भागातल्या माणसाला विहीर खणणं म्हणजे काय ते सांगायला नको. मुरूम लागतो, मग कातळ लागतो, सुरुंग लावावे लागतात, आणि इतकं करून पाझर लागेलच याची खात्री नसते. शेर्गिनला कातळाने अडवलं नाही, त्याला गोठलेल्या मातीने अडवलं. पाच मीटर गेला, दहा गेला, वीस गेला, माती दगडासारखी घट्ट आणि शून्याखाली थंड. त्याने काम सोडायचं ठरवलं होतं. पण ध्रुवप्रदेशात फिरलेला दर्यावर्दी फर्डिनांड व्रांगेल त्याला म्हणाला की थांबू नकोस, विज्ञानासाठी खणत राहा. १८३७ पर्यंत खणणं चाललं. विहीर एकशे सोळा मीटरांवर पोचली आणि तळ तरीही गोठलेलाच होता. पाण्याचा थेंब लागला नाही. पुढे १८४४ मध्ये अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ हा निसर्गशास्त्रज्ञ तिथे आला, विहिरीच्या भिंतीत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक बसवले आणि गोठलेल्या जमिनीच्या शास्त्राला खरी सुरुवात झाली. त्याआधी युरोपातले बरेच विद्वान अशा जमिनीच्या बातम्यांवर विश्वासच ठेवायला तयार नव्हते. ही विहीर आजही याकुत्स्कमध्ये जपून ठेवली आहे.

या जमिनीला आता जगभर पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सलग दोन वर्षं किंवा अधिक काळ शून्याखाली राहिलेली जमीन, अशी तिची साधी व्याख्या. रशियाचा सुमारे दोन तृतीयांश भाग असा आहे. लेना आणि याना या नद्यांच्या उत्तरेकडच्या खोऱ्यांत ही गोठण जवळजवळ दीड किलोमीटर खोल गेलेली आढळते. इतकी खोली एका-दोन शतकांच्या थंडीने येत नाही, त्याला लाखो वर्षं लागतात. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हिमयुगात युरोपचा उत्तर भाग दोन-तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली होता, पण पूर्व सैबेरियाचा बराचसा भाग उघडा होता. हवा इतकी कोरडी, की मोठा हिमथर साठायला पुरेसा हिमवर्षाव होत नव्हता. जाड बर्फ अंगावर असता तर जमिनीचं थंडीपासून थोडं रक्षण झालं असतं. उघडी राहिल्यामुळे ती हजारो हिवाळे थेट गोठत गेली. म्हणजे सगळ्यात खोल गोठलेली जमीन सापडते ती बर्फ सगळ्यात कमी होता तिथे.

या मातीत बर्फ कसा शिरतो तेही पाहण्यासारखं आहे. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात तशा तिथे कडाक्याच्या हिवाळ्यात जमीन आकसून भेगा पडतात. वसंतात वितळलेलं पाणी त्या भेगेत उतरतं आणि खालच्या थंडीने गोठतं. पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा त्याच जागी फाटते, पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. केसाएवढ्या भेगेची हजारो वर्षांत अनेक मीटर रुंद, जमिनीत खोल गेलेली बर्फाची पाचर होते. आकाशातून पाहिलं तर अशा भेगांची जाळी मैलोनमैल पसरलेली दिसते. काही ठिकाणी जमिनीच्या एकूण घनफळात अर्ध्याहून जास्त बर्फच असतो. वर गवत, झाडं, घरं, आणि खाली बर्फाच्या भिंती.

याकुत्स्कमध्ये वर्षाला जेमतेम २४० मिलिमीटर पाऊस आणि हिम पडतं. आपल्याकडे माण-खटावमध्येसुद्धा याच्या दुप्पट पाऊस होतो आणि तरी तो भाग दुष्काळी म्हणून ओळखला जातो. हिशोबाप्रमाणे याकुत्स्कभोवतीच्या याकुतिया प्रदेशात ओसाड माळरान असायला हवं. प्रत्यक्षात तिथे लार्च वृक्षांचं अफाट जंगल आहे. कारण पुन्हा जमिनीखालीच. उन्हाळ्यात वरचा दीड-दोन मीटरचा थर वितळतो, पाणी खाली मुरू शकत नाही कारण खाली गोठलेला तळ आहे, आणि मुळांना ते सगळं पाणी वापरता येतं. लार्चची मुळं खोल न जाता आडवी पसरतात. हा सूचिपर्णी वृक्ष असूनही हिवाळ्यात पानं गाळतो आणि बाष्पीभवनाचा खर्च वाचवतो. तळ गोठलेला आहे म्हणून जंगल आहे, आणि जंगलाची सावली आणि जमिनीवरचं शेवाळ आहे म्हणून तळ गोठलेला राहतो. दोघांपैकी एकाला धक्का लावला की दुसरा टिकत नाही. वेर्खोयान्स्क भागात बातागाई गावाजवळ १९६०च्या दशकात जंगलतोड झाली. तिथली जमीन वितळून खचायला लागली आणि आज तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीचं खिंडार आहे, दरवर्षी वाढत जाणारं.

सगळंच खचणं वाईट असतं असं मात्र नाही. हजारो वर्षांपूर्वी नैसर्गिकरीत्या वितळून खचलेल्या जागी उथळ तळी झाली, तळी हळूहळू आटली आणि तिथे गवताळ कुरणं तयार झाली. त्यांना ‘आलास’ म्हणतात. दक्षिणेकडून आलेल्या साखा लोकांनी या कुरणांवर गाई आणि घोडे पाळून एक पूर्ण जीवनपद्धती उभी केली. जानेवारीत सरासरी तापमान उणे चाळीसच्या आसपास असतं अशा मुलखात गाईगुरं पाळणारे लोक, हे मला मानवी कर्तृत्वातलं फार मोठं उदाहरण वाटतं. त्यांच्या गावांत हिवाळ्याच्या तोंडावर तळ्यावरचा बर्फ करवतीने कापतात, त्याच्या चौकोनी लाद्या घराबाहेर रचून ठेवतात आणि पिण्यासाठी लागेल तशी एकेक आत आणून वितळवतात. मांस-मासळीसाठी जमिनीतच तळघर खणलेलं असतं, वीज न लागणारं.

शहरं उभारताना ही समज पुन्हा नव्याने मिळवावी लागली. जमिनीवर थेट पाया घालून बांधलेलं घर आपल्याच उबेने खालचा बर्फ वितळवतं आणि वाकडं होतं. मग १९५०च्या दशकाच्या अखेरीस नोरिल्स्कमध्ये मिखाईल किम या अभियंत्याने काँक्रीटचे खांब गोठलेल्या थरात खोल रोवून इमारत जमिनीपासून वर उचलण्याची पद्धत रुळवली. इमारतीखालून थंड वारा खेळता राहिला पाहिजे, एवढंच तिचं तत्त्व. आज साडेतीन लाखांवर वस्तीच्या याकुत्स्कमध्ये बहुतेक मोठ्या इमारती अशा खांबांवर उभ्या आहेत. पाण्याचे आणि वाफेचे जाड नळसुद्धा जमिनीखालून नेता येत नाहीत, ते रस्त्याच्या कडेने उघड्यावर जातात आणि फाटक आलं की कमान करून वरून ओलांडतात.

आता नद्यांकडे येऊ. आपल्याला नदी म्हणजे डोंगरातून निघून समुद्राला मिळणारी, इतकं पुरेसं वाटतं. कोणत्या समुद्राला, हा प्रश्न रशियात फार महत्त्वाचा आहे. ओब, येनिसेई आणि लेना या सैबेरियाच्या तीन महानद्या दक्षिणेकडच्या डोंगरांतून निघून उत्तरेला, आर्क्टिक महासागराकडे वाहतात. वसंतात दक्षिणेला बर्फ आधी वितळतो आणि पाण्याचा लोंढा निघतो, पण उत्तरेला नदी अजून गोठलेली असते. येणारं पाणी आणि तुटलेले हिमखंड पुढच्या बर्फाच्या बांधावर आदळतात, तुंबतात, आणि पाणी मागे गावांत शिरतं. मे २००१ मध्ये लेनाकाठचं लेन्स्क शहर असंच पाण्याखाली गेलं. बर्फाचा तो बांध फोडायला लढाऊ विमानांतून नदीवर बाँब टाकावे लागले. शहर जवळजवळ नव्याने बांधलं गेलं.

येनिसेई ही मोठी सीमारेषा आहे. तिच्या डाव्या काठाला पश्चिम सैबेरियाचं मैदान आहे, जगातल्या सर्वात सपाट आणि विस्तीर्ण मैदानांपैकी एक, बराचसा भाग समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत. उजव्या काठाला मध्य सैबेरियाचं पठार चढतं. डावीकडच्या मैदानात पाण्याला उतारच सापडत नाही, म्हणून ते दलदल होऊन बसतं. तिथली वास्युगान दलदल सुमारे ५३ हजार चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे आपला अख्खा नागपूर विभाग तिच्यात मावेल. या दलदलींत हजारो वर्षांचं अर्धवट कुजलेलं शेवाळ पीट होऊन साठलं आहे आणि त्याखाली, आणखी खोल, तेल आणि वायूचे साठे आहेत.

पश्चिमेकडची व्होल्गा यांच्यापेक्षा वेगळी, ती दक्षिणेला जाते आणि कोणत्याही महासागराला मिळत नाही. तिचा उगम वाल्दाई टेकड्यांत २२८ मीटरवर आहे आणि कॅस्पियन समुद्र तर जगाच्या समुद्रसपाटीच्याही सुमारे २८ मीटर खाली. साडेतीन हजार किलोमीटरच्या प्रवासात उतार एकूण अडीचशे मीटरच. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवर हजार मीटरच्या वर उगम पावते आणि १४६५ किलोमीटरमध्ये समुद्र गाठते. हा फरक मनात धरला की व्होल्गेवर इतकी जुनी जलवाहतूक का वाढली ते कळतं. याच नदीवरच्या त्वेर शहरातून अफानासी निकितिन नावाचा व्यापारी १४६०च्या दशकात होडीने निघाला, कॅस्पियन ओलांडून इराणमार्गे होर्मुझला आला आणि तिथून समुद्राने आपल्या चौलला उतरला. पुढे जुन्नरला त्याने पावसाळा काढला. त्याच्या वृत्तांतात आपल्याकडचा चार महिने रात्रंदिवस पडणारा पाऊस आणि सर्वत्र झालेला चिखल आला आहे. ज्याच्या देशात पाणी वर्षाचे पाच-सहा महिने दगडासारखं पडून असतं, त्याने सह्याद्रीच्या पायथ्याशी आषाढ-श्रावण अनुभवला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. त्या बाजूला गेलात तर जरूर थांबा.

सैबेरियाच्या नद्यांविषयी सोव्हिएत नियोजनकारांची एक मोठी तक्रार होती. इतकं गोडं पाणी गोठलेल्या समुद्रात ‘वाया’ जातं आणि मध्य आशियात कापसाला पाणी नाही. म्हणून ओब-इर्तिशचं पाणी अडीच हजार किलोमीटरच्या कालव्याने दक्षिणेला वळवायची योजना अनेक वर्षं तयार होत होती. समुद्राला मिळणारं पाणी वाया जातं, हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक नदीजोड चर्चेतही ऐकू येतं, म्हणून त्याचं उत्तर नीट पाहू. आर्क्टिक महासागरात जगातल्या समुद्रजलाचा जेमतेम एक टक्का भाग आहे, पण जगातल्या नद्यांच्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा त्याला येऊन मिळतो. हे गोडं पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं, खालच्या उबदार खाऱ्या पाण्याला झाकून ठेवतं आणि समुद्रावर बर्फ धरायला मदत करतं. नद्या वळवल्या असत्या तर त्या बर्फाचंच गणित बिघडण्याचा धोका होता. शास्त्रज्ञांनी विरोध केला आणि लेखकांनीही केला. सेर्गेई झालिगिन हा कादंबरीकार मूळचा जलशास्त्राचा जाणकार, त्यामुळे त्याला आकडेवारीने गप्प बसवणं कोणालाच जमलं नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये योजना रद्द झाली. एवढ्या बंदिस्त राज्यव्यवस्थेत लेखक आणि शास्त्रज्ञ मिळून एक कालवा थांबवू शकले, ही घटना आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

लेना जिथे उगम पावते तिथून अगदी जवळ बैकल सरोवर आहे, आणि खोलीची गोष्ट बैकलशिवाय पुरी होणार नाही. त्याची सर्वाधिक खोली १६४२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर समुद्रसपाटीपासून उचलून बैकलच्या तळाशी ठेवलं, तर माथ्यावरचं देऊळ आणि चार मीटर खडक तेवढा पाण्यावर राहील. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा या एका सरोवरात आहे. ही खचदरी आहे, म्हणजे दोन बाजूंची जमीन एकमेकींपासून दूर सरकते आहे आणि मधला पट्टा खाली बसतो आहे. दरवर्षी काही मिलिमीटर, सुमारे अडीच कोटी वर्षं. तळाशी साठलेला गाळच कित्येक किलोमीटर जाड आहे. जानेवारी १८६२ मध्ये भूकंप झाला तेव्हा सेलेंगा नदीच्या मुखाजवळची सुमारे दोनशे चौरस किलोमीटर जमीन, कुरणांसकट, सरोवरात गेली. तिथे आज उपसागर आहे.

साधारणपणे सरोवर तरुण मरतं. गाळाने भरतं, दहा-वीस हजार वर्षांत संपतं. बैकल इतकं जगलं, म्हणून त्यात जीवसृष्टीला आपली स्वतंत्र वाट काढायला वेळ मिळाला. तिथला नेर्पा हा सील कायम गोड्या पाण्यात राहणारी एकमेव सील जाती आहे, जवळच्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. गोलोम्यांका नावाचा मासा जवळजवळ पारदर्शक, शरीरात भरपूर तेल, अंडी न घालता थेट पिलं देणारा. आणि या सगळ्यांचा भार वाहणारा एपिशुरा हा दीड मिलिमीटरचा कवचधारी जीव अब्जावधींच्या संख्येने पाणी गाळत राहतो. बैकलचं पाणी इतकं नितळ असण्यात त्याचा मोठा वाटा आहे. इतक्या खोल सरोवरांच्या तळाशी सहसा प्राणवायू नसतो. बैकलच्या तळापर्यंत तो पोचतो, त्यामुळे तळही जिवंत आहे. या सरोवराच्या काठी १९६६ मध्ये कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याविरुद्ध सोव्हिएत काळातली पर्यावरणाची पहिली मोठी जनचळवळ उभी राहिली. कारखाना बंद व्हायला २०१३ साल उजाडलं. बैकलमधून बाहेर पडणारी एकच नदी आहे, अंगारा. तिच्यावर धरणांची रांग उभी राहिली. तिच्या काठी वाढलेल्या व्हालेंतिन रासपुतिन या लेखकाने १९७६ मध्ये पाण्याखाली जाणाऱ्या एका बेटावरच्या गावाची कादंबरिका लिहिली. कोयना, जायकवाडी, उजनीच्या धरणग्रस्तांना ती परकी वाटणार नाही.

येनिसेईच्या पूर्वेला उत्तरेकडे पुतोराना नावाचं पठार आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने त्याचं छायाचित्र पाहिलं तर तो क्षणभर थबकेल. सपाट माथे, पायऱ्यापायऱ्यांचे कडे, त्यांवरून कोसळणारे असंख्य धबधबे. सर्वोच्च माथाही सतराशे मीटरच्या आसपास, कळसूबाईच्या तोडीचा. कारण खडक तोच, बेसाल्ट, आणि घडणही तीच. जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ लाव्हा थरांवर थर पसरत गेला. आपलं दख्खन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असं घडलं. सैबेरियातला लाव्हा त्याच्या कितीतरी आधी, सुमारे पंचवीस कोटी वीस लाख वर्षांपूर्वी, आणि दख्खनहून खूप मोठ्या क्षेत्रावर आला. वाटेत त्याला दगडी कोळशाचे आणि क्षारांचे जाड थर लागले. ते भाजून निघाले आणि त्यांतून प्रचंड वायू हवेत गेला. त्या काळात समुद्रातल्या जवळजवळ नव्वद टक्के प्रजाती नष्ट झाल्या. जीवसृष्टीवरचं पृथ्वीच्या इतिहासातलं ते सर्वात मोठं संकट. जमिनीखालचा कार्बन घाईने हवेत गेला की काय होतं, याचा पुरावा त्या पठारात दगड होऊन पडला आहे. त्याच उलथापालथीत नोरिल्स्कचं निकेल, तांबं आणि पॅलेडियमचं भांडार तयार झालं.

खडकावरून मातीवर येतो, कारण इथे आपल्याकडे एक गैरसमज रूढ आहे. रशियाच्या दक्षिणेला, युक्रेनच्या सीमेपासून पार अल्ताईच्या पायथ्यापर्यंत, काळ्या मातीचा पट्टा आहे, चेर्नोझम. आपल्या पुस्तकांत ती आणि आपली रेगूर एकमेकींच्या बहिणी म्हणून शिकवतात. रंग सारखा, स्वभाव वेगळा. आपल्या काळीचा काळेपणा मुख्यतः बेसाल्टमधून आलेल्या खनिजांचा आणि चिकणमातीला घट्ट धरून राहिलेल्या थोड्या सेंद्रिय द्रव्याचा. तिच्यात सेंद्रिय कर्ब सहसा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच भरतो. चेर्नोझमचा काळेपणा गवताचा आहे. स्टेप म्हणजे तिथल्या गवताळ मैदानातलं उंच गवत दरवर्षी खोलवर मुळं सोडतं, ती मरतात, पण हिवाळ्यातली गोठण आणि उन्हाळ्यातली कोरड या दोन्हींमुळे कुजण्याची क्रिया वर्षातून दोनदा थांबते. न संपलेलं ते द्रव्य हजारो वर्षं साठत जातं आणि मीटरभर, कुठे त्याहून खोल, काळा थर तयार होतो. वसिली दोकुचायेव या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये या मातीवर ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की माती म्हणजे खडकाचा नुसता चुरा नाही. हवामान, सजीव, मूळ खडक, भूरूप आणि काळ या पाचांनी मिळून घडवलेली ती स्वतंत्र निसर्गवस्तू आहे. आणि त्याचं साधन काय होतं? जमिनीत खड्डा घेऊन उघडा केलेला उभा छेद. १८९१ च्या भीषण दुष्काळानंतर त्याने व्होरोनेझजवळच्या कामेन्नाया स्टेपमध्ये वाऱ्याला आडवे वृक्षपट्टे लावले, तळी केली, घळी बांधून घेतल्या. ते पट्टे आजही उभे आहेत. पाणलोटाचं काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी हा प्रयोग मुद्दाम अभ्यासावा.

उरल पर्वत, काकेशस, कामचाटकाचे ज्वालामुखी, यांना आज हात लावत नाही. जुलै २०२५ मध्ये कामचाटकाजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेवढ्यावरून त्या भागाची कल्पना यावी.

मला वेळ राखून ठेवायचा होता तो वितळण्यासाठी. वेर्खोयान्स्कमध्ये १८९२ मध्ये उणे ६७.८ अंशांची नोंद झाली होती. त्याच गावात २० जून २०२० रोजी ३८ अंश तापमान नोंदलं गेलं. त्याच्या तीन आठवडे आधी नोरिल्स्कजवळ औष्णिक केंद्राची डिझेलची टाकी फुटून वीस हजार टनांहून जास्त डिझेल जमिनीत आणि नद्यांत गेलं. खालची जमीन वितळली, असं कंपनीने सांगितलं. सरकारी तपासात बांधकामातले आणि देखभालीतले दोषही निघाले. मला दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्याशा वाटतात. जमीन बदलते आहे हे ठाऊक असताना तपासणी न करणं, याला निसर्गाचा कोप म्हणता येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात यामाल द्वीपकल्पात अँथ्रॅक्सची साथ आली. १९४१ नंतर तिथे हा रोग दिसला नव्हता. दोन हजारांवर रेनडिअर मेले, एक बारा वर्षांचा मुलगा दगावला. जुने सांगाडे पुरलेली जमीन त्या वर्षी नेहमीपेक्षा खोल वितळली हे एक कारण, आणि रेनडिअरांचं लसीकरण २००७ मध्ये बंद केलं होतं हे दुसरं. २०२१ मध्ये याकुतियातल्या वणव्यांचा धूर थेट उत्तर ध्रुवापर्यंत पोचल्याचं उपग्रहांनी टिपलं. वणव्यात झाडांबरोबर जमिनीवरचं शेवाळही जळतं, आणि शेवाळ गेलं की तळाचं पांघरूण जातं.

उत्तर गोलार्धातल्या गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन आहे, आज हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. तो सगळा एकदम बाहेर येणार नाही. पण वितळलेल्या भागातलं द्रव्य कुजू लागलं, की कार्बन डायॉक्साइड आणि मिथेन निघत राहतात, आणि तो प्रवाह कोणत्याही करारावर सही करून बंद करता येत नाही.

याचा आपल्याशी संबंध काय, असं कोणी विचारील. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला, तर मध्य भारतात सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीशी त्याचा संबंध असू शकतो, असं त्यांनी दाखवलं. काढणीला आलेलं सोयाबीन शेतात भिजलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी कारा समुद्राचं नाव लक्षात ठेवावं.

आणि नेमक्या याच वेळी त्या प्रदेशाकडे पाहण्याची खिडकी मिटली आहे. आर्क्टिकचा अर्ध्याहून अधिक किनारा रशियाचा. मार्च २०२२ नंतर, युक्रेनवरच्या आक्रमणामुळे, पाश्चात्त्य देशांचं आणि रशियाचं आर्क्टिकमधलं वैज्ञानिक सहकार्य जवळजवळ थांबलं. रशियातल्या केंद्रांच्या नोंदी वगळल्या तर उरलेल्या नोंदींवरून आर्क्टिकचं चित्र एकांगी दिसतं. त्या युद्धाबद्दल आणि त्यात गेलेल्या जिवांबद्दल माझ्या मनात दुःख आहे, पण जमीन कोणासाठी थांबणार नाही. भारत २०१३ पासून आर्क्टिक परिषदेचा निरीक्षक आहे, स्वालबार्डमध्ये आपलं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून चालतं, आणि रशियाशी आपलं बोलणं सुरू आहे. याकुत्स्कमध्ये गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था आहे, अनेक दशकांच्या नोंदी आहेत, आणि अशा जमिनीवर घर, रस्ता, पूल कसा टिकवायचा हे पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले लोक आहेत. आपल्या लडाखमध्येही उंचावर गोठलेली जमीन आहे. तिचा पद्धतशीर अभ्यास आपण अलीकडेच हाती घेतला आहे, आणि तिथे रस्ते, बोगदे, छावण्या मात्र झपाट्याने होत आहेत. वास्कोहून आणि लेहहून पाच-दहा तरुण संशोधकांची एक तुकडी दरवर्षी याकुत्स्कला जावी, तिने तिथल्या जमिनीत घेतलेल्या भोकांत उतरवलेले तापमापक वाचायला शिकावं आणि परत येऊन तशीच भोकं लडाखमध्ये घ्यावीत. याला फार मोठा खर्च येत नाही. या सभागृहात भूगोलाचे आणि भूगर्भशास्त्राचे जे विद्यार्थी बसले आहेत, त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावं. कुठे अर्ज करायचा आणि कोणाशी बोलायचं, त्याची माहिती मी बरोबर आणली आहे.